जिथे उंदीर कधी पोचलाच नव्हता

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या गॉफ बेटावर हिवाळ्याच्या रात्री ट्रिस्टन अल्बट्रॉसचं पिल्लू मातीच्या उंचवट्यावर एकटंच बसलेलं असतं. आईबाप दूर समुद्रात माखल्या आणि मासे शोधायला गेलेले. पिल्लाचं वजन एव्हाना आठ-दहा किलोंच्या घरात गेलेलं असतं. अंधारात गवतातून जेमतेम ३५-४० ग्रॅमचा घरउंदीर येतो, पिल्लाच्या अंगावर चढतो आणि शेपटीच्या वरची कातडी कुरतडायला लागतो. थोड्या वेळाने आणखी दोन-चार येतात. पिल्लू चुळबूळ करतं, पण मान वळवून टोचत नाही की उठून बाजूला होत नाही. जखम रात्रीमागून रात्र मोठी होत जाते आणि काही दिवसांत पिल्लू मरतं.

उंदराच्या दोनशे-अडीचशे पट वजनाचा हा पक्षी स्वतःला वाचवत का नाही? कारण त्याच्या हजारो पिढ्यांत जमिनीवरून चालत येऊन दात लावणारा प्राणी कुणी पाहिलाच नाही. वरून झडप घालणारा स्कुआ पक्षी त्याला ठाऊक आहे, त्याला चोच वाजवून दूर ठेवायचं हेही ठाऊक आहे. पायाशी आलेल्या उंदराचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. दुर्गम बेटांवर जे जे नवल दिसतं आणि जी जी हानी झालेली दिसते, ती बहुतेक सगळी एकाच गोष्टीतून आलेली आहे: तिथे कोण पोचू शकलं नाही.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक खुलासा. मराठीत उंदीर म्हटलं की लहान-मोठे सगळेच आले. इथे मात्र फरक महत्त्वाचा आहे. म्हणून वीस-चाळीस ग्रॅमच्या चिमुकल्याला 'घरउंदीर' आणि त्याहून दांडग्या जातींना 'मोठा उंदीर' म्हणू.

कोण पोचतं, कोण राहून जातं

बेटं दोन जातींची. काही बेटं म्हणजे खंडाचाच पाण्याने वेढलेला तुकडा. समुद्राची पातळी खाली होती तेव्हा तिथे पायी जाता येत होतं, त्यामुळे खंडावरचे प्राणी तिथे आधीपासूनच असतात. दुसरी महासागरी बेटं. ती समुद्रतळावरच्या ज्वालामुखीतून वर येतात, किंवा बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळ साचून तयार होतात. खंडाशी त्यांचा कधीच संबंध आलेला नसतो. जन्मताना तिथे तापलेला काळा खडक असतो, बाकी काही नाही. आज तिथे दिसणारा प्रत्येक जीव, नाहीतर त्याचा पूर्वज, समुद्र ओलांडून आलेला असतो.

हे कसं घडतं ते सर्टसीवर डोळ्यांदेखत पाहता आलं. आइसलँडच्या दक्षिणेला १४ नोव्हेंबर १९६३ रोजी हे बेट समुद्रातून वर येताना दिसलं आणि उद्रेक जून १९६७ पर्यंत चालला. लाव्हा अजून वाहत होता तेव्हाच, १९६५ मध्ये, किनाऱ्यावर मोहरीच्या कुळातलं एक खाऱ्या वाळूत तगणारं रोप उगवलं. पुढची वीस वर्षं मात्र झाडोरा रडतखडतच वाढला, कारण त्या वाळूत नायट्रोजन जवळजवळ नव्हताच. १९८६ च्या सुमाराला कुरव पक्ष्यांनी तिथे वसाहत केली. त्यांच्या विष्ठेने जमिनीला खत मिळालं, त्यांच्याबरोबर बिया आल्या, आणि वसाहतीभोवती बघता बघता हिरवळ पसरली. या विष्ठेकडे आपण पुन्हा येऊ. सगळं बेट तिच्यावर उभं आहे.

सर्टसी मुख्य भूमीपासून फार लांब नाही. हजारो किलोमीटर अंतर असेल तर काय? तिथे पोचायला तीनच वाटा: पंख, वारा आणि पाणी. शेवाळ आणि नेच्यांचे बीजाणू धुळीइतके हलके असतात, ते वाऱ्यावर येतात. कोळ्यांची पिल्लं रेशमाचा धागा सोडून त्याच्या आधाराने तरंगत येतात. चिकट किंवा काटेरी बिया पक्ष्यांच्या पिसांत अडकतात, काही पायांच्या चिखलातून येतात, काही पोटातून. समुद्राच्या पाण्यात बी मरतं की जगतं, याची खातरी चार्ल्स डार्विनने स्वतः करून घेतली होती. त्याने ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात २८ दिवस भिजत ठेवल्या. त्यांतल्या ६४ प्रकारच्या बिया त्यानंतरही रुजल्या.

प्राणीही वाहत येतात. १९९५ च्या सप्टेंबरात कॅरिबियनमध्ये लुईस आणि मॅरिलिन ही दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. त्यानंतर ४ ऑक्टोबरला अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा भलामोठा गुंता येऊन लागला, आणि त्यावर निदान १५ हिरवे इग्वाना होते. ही जात त्या बेटावर आधी नव्हती. नंतर तिथे तिची वीणही झाली.

सरड्याला जे जमलं ते बेडकाला जमत नाही. बेडकाची कातडी पाणी आरपार जाऊ देणारी असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि तो मरतो. सस्तन प्राण्याची अडचण वेगळी. शरीर गरम ठेवायला त्याला रोज खावं लागतं, आणि गोडं पाणी लागतं. सरडा उपाशी कित्येक आठवडे तगून राहतो, उंदराएवढा सस्तन प्राणी काही दिवसांत संपतो. म्हणून हवाई बेटांवर, सर्वांत जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटरवर, जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी एकच: वटवाघूळ. ते उडत आलं. नियमाला अपवाद आहेत, उदाहरणार्थ गालापागोसवर दक्षिण अमेरिकेतून हजारेक किलोमीटर वाहत आलेले छोटे मूळ उंदीर सापडतात. पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके.

रिकाम्या जागा आणि उडणं सोडलेले पक्षी

जे पोचले, त्यांना अवघं बेट मोकळं मिळालं. खंडावर झाडाची जागा झाडानेच घेतलेली असते. बेटावर झाडाचं बी पोचलंच नसेल तर ती जागा गवतफुलाला मिळते. सेंट हेलेना बेटावरची मूळची कितीतरी झाडं सूर्यफुलाच्या कुळातली आहेत. लाकडी खोड, फांद्या, वर पानांची छत्री, आणि फूल पाहिलं तर शेवंतीच्या गोतातलं. हवाईमध्ये एका फिंच पक्ष्याच्या वंशातून पन्नासहून अधिक जातींचे हनीक्रीपर झाले. कुणाची चोच मध पिण्यासाठी वाकडी आणि लांब, कुणाची बिया फोडायला पोपटासारखी जाड.

शिकारी प्राणीच नसेल तर पक्ष्याला उडण्याचा खर्च परवडत नाही. छातीचे स्नायू पोसायला रोज अन्न लागतं, आणि वाऱ्याच्या बेटावर उडालेला पक्षी समुद्रात भरकटण्याचीच भीती जास्त. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटाच्या शेजारी इनॲक्सेसिबल नावाचं जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं बेट आहे. तिथे पाणकोंबडीच्या गोतातला, चिमणीपेक्षा थोडाच जड असा एक काळपट पक्षी गवताच्या बोगद्यांतून उंदरासारखा पळत असतो. न उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत लहान तोच. त्याच्या जनुकांवरून असं दिसतं, की त्याचे पूर्वज सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेकडून उडत आले आणि इथे आल्यावर पंखांतलं बळ गमावून बसले. आजवर तो टिकला याचं कारण सरळ आहे: त्या बेटावर उंदीर कधी उतरला नाही.

हिंदी महासागरातल्या अल्डाब्रावर तर अशा पक्ष्याने उडणं दोनदा सोडलं. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी ते प्रवाळबेट पाण्याखाली गेलं आणि तिथला न उडणारा पक्षी संपला. बेट पुन्हा वर आल्यावर त्याच मूळ जातीचे उडणारे पक्षी पुन्हा आले, आणि त्यांच्या वंशजांनीही पुन्हा उडणं सोडलं. दोन्ही वेळची हाडं तिथे सापडली आहेत.

बेटाला खत कोण घालतं

सर्टसीवरची विष्ठा आठवा. उघड्या महासागरातल्या बेटाला नद्या गाळ आणून देत नाहीत. पाऊस उलट आहे तेही धुऊन नेतो. मग गवत, झाडं, किडे कशावर जगतात? समुद्रपक्ष्यांवर. पेट्रेल, शिअरवॉटर, बूबी, टर्न हे पक्षी शेकडो किलोमीटरच्या परिघातले मासे पोटात भरून बेटावर आणतात आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस विष्ठा, पिसं, फुटकी अंडी आणि मेलेली पिल्लं यांच्या रूपाने जमिनीला देतात. त्यांतले पेट्रेल आणि शिअरवॉटर जमिनीत हातभर खोल बिळं खणतात, म्हणजे मशागतही तेच करतात. अशा वसाहतीत पाय टाकला तर जमीन भुसभुशीत, ठिकठिकाणी खचणारी, आणि हवेत कस्तुरीसारखा उग्र वास.

हे खत पावसाबरोबर पुन्हा समुद्रात उतरतं आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाळाला मिळतं. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात उंदीर असलेली आणि नसलेली बेटं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे तुलना सोपी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट होती, पक्ष्यांकडून जमिनीला मिळणारा नायट्रोजन २५१ पट होता, आणि लगतच्या प्रवाळावर माशांचं एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त होतं. उंदीर झाडावर चढून अंडं खातो आणि त्यामुळे पाण्यातला मासा रोडावतो. आधी खरं वाटत नाही, पण मधला प्रत्येक दुवा मोजलेला आहे.

जहाज आदळतं

जून १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव बेटाजवळ मकॅम्बो नावाचं वाफेचं जहाज खडकावर चढलं. ते सुटावं म्हणून माल उतरवला गेला आणि त्या गडबडीत काळे उंदीर किनाऱ्याला लागले. दहा-बारा वर्षांत बेटावरचे पाच प्रकारचे पक्षी कायमचे गेले. तळहाताएवढा, काळाभोर, बिनपंखी काडीकीटक होता, तोही दिसेनासा झाला आणि नामशेष धरला गेला. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला: वीस-पंचवीस किलोमीटरवर समुद्रातून सरळ वर आलेल्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या सुळक्यावर, एका झुडपाखाली, उणेपुरे २४ जीव. तिथे उंदीर पोचला नव्हता. २००३ मध्ये त्यांतल्या दोन जोड्या पैदाशीसाठी खाली आणल्या गेल्या. जगातल्या प्राणिसंग्रहालयांत आज या कीटकाची जी प्रजा आहे, ती मुख्यतः तिथून आलेली.

जगभरच्या बेटांवर पोचलेले मोठे उंदीर तीन जातींचे. काळा उंदीर पट्टीचा चढणारा, झाडावरची घरटी त्याच्या तावडीत सापडतात. तपकिरी उंदीर अंगाने सर्वांत मोठा, उत्तम पोहणारा, बिळात शिरून पिल्लं खाणारा. पॅसिफिक उंदीर सर्वांत लहान, पॉलिनेशियन दर्यावर्दींच्या होड्यांतून हजारेक वर्षांपूर्वीपासून पसरलेला. चौथा घरउंदीर. बरीच वर्षं त्याला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. तो बिया आणि किडे खातो असंच समजत होते. गॉफने ती समजूत मोडली. तिथे घरउंदरांमुळे दरवर्षी २० लाखांपर्यंत अंडी आणि पिल्लं जातात असा अंदाज आहे, आणि ट्रिस्टन अल्बट्रॉसची जवळजवळ सगळी वीण याच एका बेटावर होते. जोडी दोन वर्षांतून एकच अंडं घालते. एवढ्या संथ वंशाला रोजची अशी गळती सोसवत नाही.

उंदराचं गणित उलट. गर्भारपण तीन आठवड्यांचं, एका वेतात सहा-आठ पिल्लं, ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण करायला तयार. म्हणूनच बेटावरून उंदीर 'कमी करणं' याला काही अर्थ नाही. ९९ टक्के मारले तरी उरलेल्या एक टक्क्याला सगळं अन्न मोकळं मिळतं आणि एक-दोन वर्षांत संख्या होती तिथे येते. शेवटची मादी राहिली तर मोहीम फसली, असाच हिशेब.

शेवटच्या उंदरापर्यंत

छोट्या बेटांवर पूर्वी हे काम हाताने व्हायचं: ठरावीक अंतरावर नळ्या किंवा पेट्या मांडायच्या, रोज आमिष तपासायचं. न्यूझीलंडमध्ये १९८८ साली १७० हेक्टरच्या ब्रेकसी बेटावर ते याच पद्धतीने यशस्वी झालं. पण हजारो हेक्टर, त्यात कडे आणि कमरेइतकं गवत, तिथे माणूस पुरा पडत नाही. तिथे हेलिकॉप्टर लागतं.

हेलिकॉप्टरखाली दोराने लटकवलेली नरसाळ्याच्या आकाराची बादली असते आणि तिच्या तळाशी मोटरवर फिरणारी चकती. चकती विषारी आमिषाच्या गोळ्या दोन्ही बाजूंना भिरकावते, त्यामुळे एका फेरीत सत्तरेक मीटर रुंदीचा पट्टा भरतो. पुढची फेरी आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुन्हा झाकत जाते, कारण पट्ट्याच्या कडेला गोळ्या विरळ पडतात. प्रत्येक फेरीची रेघ जीपीएसवर नोंदली जाते आणि संध्याकाळी नकाशावर तपासली जाते. कुठे फट दिसली तर दुसऱ्या दिवशी आधी ती भरायची.

गोळी धान्याच्या पिठाची, साधारण दोन ग्रॅमची, हिरवी रंगवलेली. हिरव्या रंगाकडे पक्षी कमी वळतात; उंदराला रंगाचं सोयरसुतक नाही, तो वासावर येतो. गोळीत ब्रोडिफॅकम हे विष किलोमागे फक्त २०-२५ मिलिग्रॅम. घरउंदराला एका गोळीचा तुकडा पुरतो, मोठ्या उंदराला दोन-तीन गोळ्या.

विष मुद्दामच संथ निवडलेलं असतं. यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं बनवतं त्यासाठी व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा वापरात यावं लागतं. ब्रोडिफॅकम नेमकं ते फेरचक्र अडवतं. रक्तात आधीची द्रव्यं शिल्लक असल्याने पहिले काही दिवस उंदराला काहीच जाणवत नाही. तीन ते दहा दिवसांत साठा संपतो आणि शरीरात रक्तस्राव होऊन तो मरतो. झटपट मारणारं विष इथे का चालत नाही? उंदीर नवीन अन्न आधी चिमूटभर चाखतो. तासाभरात पोटात दुखलं तर तो ते अन्न पुन्हा तोंडाला लावत नाही, आणि थोडंसं खाऊन वाचलेला उंदीर पुढच्या प्रत्येक मोहिमेसाठी हुशार झालेला असतो.

आता प्रमाण. हेक्टरी १० किलो म्हणजे दोन ग्रॅमच्या पाच हजार गोळ्या, म्हणजे दर दोन चौरस मीटरला एक. मोठा उंदीर रात्रीत बराच फिरतो, त्याला गोळी कुठेतरी भेटतेच. पिल्लांजवळची घरउंदराची मादी मात्र बिळापासून काही मीटरच जाते. पन्नास मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशी एक फट राहिली तर तिचं अख्खं जग त्या फटीत मावतं. घरउंदरांच्या मोहिमा मोठ्या उंदरांपेक्षा जास्त वेळा फसल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच मानलं जातं.

कड्यांचा हिशेब नवख्या माणसाला हमखास चकवतो. नकाशावर क्षेत्रफळ वरून पाहिलेलं असतं. उतार ६० अंशांचा असेल तर खरी जमीन नकाशाच्या दुप्पट भरते, ७० अंशांना जवळजवळ तिप्पट. म्हणजे हेक्टरी १० किलो टाकूनही कड्यावरच्या उंदराच्या वाट्याला पाच किंवा साडेतीनच किलो येतात, वर बऱ्याच गोळ्या घरंगळून समुद्रात. म्हणून कड्यांवर वेगवेगळ्या उंचीवरून दोन-तीन आडव्या फेऱ्या माराव्या लागतात. किनारपट्टीवरही दुप्पट, कारण पुळणीवर अन्न जास्त म्हणून उंदरांची दाटीही तिथेच.

एवढं झालं तरी एका वेळी भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी होते. पहिल्या वेळी बिळात दूध पिणारी पिल्लं असू शकतात, ती नंतर बाहेर पडतात. शिवाय दांडगे नर आमिषावर हक्क सांगतात आणि दुबळ्यांना ते गेल्यावरच खायला मिळतं. वेळ हिवाळ्याच्या शेवटाची धरतात: उंदीर भुकेले असतात, वीण थांबलेली असते, बरेच पक्षी समुद्रात गेलेले असतात. उप-अंटार्क्टिक बेटांवर नेमकी हीच सर्वांत वाईट हवेची वेळ. वारा जोराचा असला की गोळ्या पट्ट्याबाहेर जातात आणि धुकं असलं की हेलिकॉप्टर उडतच नाही.

काय चुकतं

मॅक्वारी बेटाचा इतिहास प्रत्येक नियोजकाने नीट वाचावा असा आहे. टास्मानिया आणि अंटार्क्टिका यांच्यामधलं हे बेट सुमारे १२,८०० हेक्टरचं. सील मारणाऱ्यांनी तिथे मांजरं, ससे आणले, जहाजांतून उंदीर आले. मांजरं पक्षी मारत होती म्हणून आधी ती काढली. शेवटचं मांजर २००० साली गेलं. पण मांजरं ससेही खात होती. त्याच सुमाराला सशांवर सोडलेल्या रोगाचाही जोर ओसरला होता. ससे बेसुमार वाढले, त्यांनी उतारांवरचं गवत मुळापर्यंत खाल्लं, आणि २००६ मध्ये पावसात एक उघडा पडलेला उतार खचून किंग पेंग्विनच्या वसाहतीवर आला. तेव्हा ठरलं की ससे, मोठे उंदीर आणि घरउंदीर एकदमच काढायचे. २०१० मध्ये सुरुवात झाली, हवेने साथ दिली नाही, थोडाच भाग होऊन मोहीम परत फिरली. शिवाय विषाने मेलेले ससे खाऊन स्कुआ आणि जायंट पेट्रेलही मेले. म्हणून २०११ च्या फेरीआधी सशांमध्ये कॅलिसीव्हायरस सोडला गेला, म्हणजे विष खाऊन उघड्यावर मरणारे ससेच कमी होतील. मग दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या, उरलेले मूठभर ससे शिकारी आणि कुत्र्यांनी शोधून काढले, आणि एप्रिल २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

इतर जिवांना विषबाधा होण्याचा धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. अलास्कात रॅट आयलंडवर २००८ मध्ये उंदीर संपले, पण ४६ टकले गरुड आणि ३२० हून अधिक कुरव मेलेले सापडले. यावर तोडगा म्हणून आता धोक्यातल्या जाती आधी पकडून पिंजऱ्यांत सांभाळतात आणि विष विरून गेल्यावर सोडतात. २०१९ मध्ये लॉर्ड हाव बेटावरचे न उडणारे वुडहेन पक्षी असेच सांभाळले गेले.

उष्ण कटिबंधात वेगळीच अडचण येते. हिवाळा नसतो, अन्न बारमाही, आणि जमिनीवरचे खेकडे गोळ्या भराभर फस्त करतात. त्यांना या विषाने काही होत नाही. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा प्रवाळबेटावर २०११ मध्ये म्हणूनच नेहमीच्या कितीतरी पट आमिष टाकावं लागलं, आणि ते यशस्वी झालं. उंदीर गेल्यावर तिथला एशियन टायगर डासही नाहीसा झाला, कारण त्याला रक्त पुरवणारा मुख्य प्राणीच राहिला नव्हता. त्याच वर्षी हेंडर्सन बेटावरची मोहीम मात्र फसली. जनुकीय तपासणीवरून अंदाज असा, की हजारोंमधून ६० ते ८० पॅसिफिक उंदीर वाचले, आणि बेट पुन्हा भरायला तेवढे पुरले. त्यांच्यात विष पचवण्याची ताकद आढळली नाही. झाडाखाली फळांचा सडा असताना त्यांनी गोळीकडे पाहिलंच नसावं, ही शक्यता सर्वांत पटण्यासारखी आहे.

गॉफवर २०२१ मध्ये मोठी मोहीम झाली. त्याच डिसेंबरात कॅमेऱ्यासमोरून एक घरउंदीर गेला. आज ते बेट पुन्हा उंदरांचंच आहे.

याउलट दक्षिण जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट. हजारहून अधिक चौरस किलोमीटर जमीन एका हंगामात होणं अशक्य होतं. पण तिथल्या हिमनद्या समुद्रापर्यंत उतरतात आणि उंदीर त्या ओलांडत नाहीत, म्हणजे बेट आपोआपच कप्प्यांत विभागलेलं. २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन हंगामांत एकेक कप्पा साफ झाला. घाई एवढ्याचसाठी, की हिमनद्या मागे हटताहेत आणि कप्प्यांच्या भिंती मोडल्या असत्या तर हा मार्गच बंद झाला असता.

गेला हे कसं कळतं, आणि नंतर

मोहिमेनंतर लगेच काहीच जाहीर करत नाहीत. निदान दोन वीण-हंगाम जाऊ देतात, म्हणजे एखादी जोडी उरली असली तर तिची प्रजा सापडण्याइतकी वाढलेली असेल. मग शोध: शेंगदाण्याच्या लोण्याचा वास दिलेले मेणाचे ठोकळे, ज्यांवर दातांच्या जोडखुणा उमटतात, शाईची पट्टी ठेवलेले बोगदे, ज्यांतून गेल्यावर पावलं कागदावर येतात, कॅमेरे, आणि वास काढणारी कुत्री. दक्षिण जॉर्जियात अशी हजारो साधनं आणि तीन कुत्री वापरून मे २०१८ मध्ये बेट मुक्त ठरलं. तिथला पिपिट हा चिमणीएवढा गाणारा पक्षी, जो उंदीर नसलेल्या टापूंत उरला होता, तो लगोलग मुख्य बेटावर घरटी करू लागला.

सगळे इतक्या लवकर परतत नाहीत. समुद्रपक्षी जिथे जन्मला तिथेच वीण करायला येतो, त्यामुळे वसाहत साफ संपली असेल तर तिथे परतणारं कुणी नसतं. अशा जागी लाकडी नकली पक्षी मांडतात आणि रात्री कर्ण्यावर वसाहतीचा कलकलाट लावतात. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर मांजरं काढल्याचं २००६ मध्ये जाहीर झालं. तिथला फ्रिगेट पक्षी, जो जवळच्या एका खडकावर तग धरून होता, त्याची घरटी मुख्य बेटावर २०१२ मध्ये पुन्हा दिसली.

आणि मग राखण. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये संशोधकांनी एका तपकिरी नराच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधून त्याला ९.५ हेक्टरच्या उंदीरमुक्त बेटावर मुद्दाम सोडलं: एकटा उंदीर पकडायला किती वेळ लागतो ते पाहायला. त्याचं नाव रॅझा. सापळे, आमिष, कुत्री, सगळं करून झालं. तो ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. अखेर १८ आठवड्यांनी तो पेंग्विनच्या ताज्या मांसाला भुलून सापळ्यात सापडला. तज्ज्ञांचं पथक त्याच्याच मागावर असताना, आणि तो कुठे सोडला हे माहीत असताना एवढा वेळ.

म्हणून सगळा भर अलीकडच्या काठावर असतो. दक्षिण जॉर्जियाला निघणारी जहाजं फॉकलंडमधल्या बंदरातच कुत्र्यांकडून हुंगून घेतली जातात. दोरखंडांवर उंदीर अडवणाऱ्या गोल पत्र्याच्या चकत्या बसवतात. सामान उंदीर शिरणार नाही अशा बंद खोलीत, दार लावून, उघडतात आणि पुन्हा बांधतात. उतरणाऱ्याचे बूट जंतुनाशकात घासले जातात, खिसे उलटे केले जातात, आणि जाकिटाच्या चिकटपट्टीत अडकलेली गवताची कुसळं चिमट्याने एकेक करून काढली जातात.